हॅक्टिव्हिझम : व्याख्या नक्की कुणाची?

हॅक्टिव्हिझमवर प्रपोजल लिहायला बसलात की पहिल्याच पानावर व्याख्या टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. जरा थांबा. हा शब्द १९९६ साली ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या अमेरिकी हॅकरगटातून आला, असं बहुतेक ठिकाणी वाचाल. पण १९९८ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर’ या कलावंतांच्या गटाने मेक्सिकोतल्या झापातिस्तांच्या समर्थनार्थ ‘फ्लडनेट’ चालवलं. सहभागी लोकांचे ब्राउझर सरकारी साइटवर पुन्हा पुन्हा धडकायचे. ‘मानवी हक्क’ नावाचं, मुळात नसलेलं पान मागायचं. मग सर्व्हरच ‘मानवी हक्क सापडले नाहीत’ असं उत्तर द्यायचा. (कल्पना झकास आहे, मानावंच लागेल.) त्यांच्या लेखी हे धरणं आंदोलन. ‘कल्ट’च्या ऑक्सब्लड रफिनना ते अजिबात मान्य नव्हतं: साइट बंद पाडणं म्हणजे समोरच्याचं तोंड दाबणं.

अलेक्झांड्रा सॅम्युएल यांचा २००४ चा हार्वर्डमधला प्रबंध यात तीन प्रकार पाडतो: राजकीय क्रॅकिंग, सादरीकरणातून निषेध आणि राजकीय कोडिंग. जरूर वाचा, मांडणी स्वच्छ आहे. माझी अडचण एवढीच, की करणारा हॅकरांच्या जगातला की कलावंत-कार्यकर्त्यांच्या, यावर तिथे फार काही ठरतं. सर्व्हर तर दोघांच्याही हातून सारखाच गुदमरतो. आणि पलीकडे बसलेल्याचं काय? जून १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांच्या निषेधार्थ ‘मिलवर्म’ची किशोरवयीन पोरं ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रणेत घुसली. ई-मेल उचलले, वेबपानही बदललं. निषेध अण्वस्त्रांचा, पण पत्रं दुसऱ्यांची! हे कोणत्या खान्यात टाकाल, आणि तो खाना आखला कुणी, हे व्याख्येच्या आधी लिहून पाहा.