चेहरा कोणाचा?

कलावंतांचीं भांडणें पडद्याआड होतात. परंतु त्यांचा शेवट कसा होणार, हें चेहरा कोणाच्या मालकीचा आहे यावर ठरतें. किर्लोस्कर मंडळींतील मतभेद विकोपास गेले, तेव्हां १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. ज्याचा गळा त्याच्यापाशींच राहिला. म्हणूनच ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं केशवराव भोसले धैर्यधर व त्यांचे प्रतिस्पर्धी बालगंधर्व भामिनी होऊन 'संयुक्त मानापमाना'त बरोबरीनें उभे राहिले.

आज रेखाटलेल्या मूर्तीआडून गाणाऱ्या-बोलणाऱ्या कलावंतांची गोष्ट निराळी. जपानांत २०१६ सालीं अवतरलेल्या किझुना आयला २०१९ सालीं मूळ आवाजाखेरीज इतर आवाज देण्यांत आले. प्रेक्षक नाराज झाले, पण मूर्ति तीच होती. मूर्ति मालकाची असली, कीं भांडून निघणाऱ्यास कमावलेलें नांवही मागें ठेवावें लागतें. बोईसर-तारापूरचा कामगार नोकरी सोडतांना यंत्र ठेवून जातो, चेहरा नव्हे! ज्यास रुसून निघून जाण्याची मोकळीक नाहीं, त्याच्या मौनास आपण सलोखा कसें म्हणावें?