बाटली आणि पाकीट

टीकाकाराला नाक असावं लागतं म्हणतात. मला ते आहे. घरच्यांच्या मते नको तिथे खुपसण्याइतकं लांबही आहे. त्याच भांडवलावर आज दोन लेखनकृतींचं परीक्षण करतो. एक सेंटच्या खोक्यावरची, दुसरी पास्त्याच्या पाकिटावरची. दोन्ही माझ्या भाचीनं मुंबईहून आणल्या. १९९३ साली कोकण रेल्वे रोह्याहून आमच्या वीरपर्यंत पोचली, तेव्हापासून मुंबईतलं काय काय इथे उतरतं त्याला सुमार नाही.

सेंट आजीसाठी होतं. अडचण अशी, की २०२१ च्या करोनात आईला वास येईनासा झाला तो झालाच. ती मात्र कुणाला कळू देत नाही. भात करपला तरी "आला होता मला वास" म्हणून रेटून नेते. भाची म्हणाली, "आजी, नाही आवडलं तर बदलून आणते." आईनं बाटली नाकाशी धरली, माझ्याकडे पाहिलं नि म्हणाली, "वर काय लिहिलंय ते वाच बघू."

मी वाचलं. ‘गूढ. मुक्त. अविस्मरणीय.’ आई थांबली. पुढे काही नव्हतंच.

अहो, यावरून निवडायचं काय? स्थळाच्या पत्रात ‘मुलगा सुस्वभावी’ लिहितात, त्यातली गत! जुने अत्तरवाले निदान हिना, खस, मोगरा अशी नावं सांगत, मनगटाला काडी लावत नि ‘संध्याकाळी सांगा’ म्हणत. पहिला भपकारा लवकर उडून जातो. शेवटचा दरवळ अंगाच्या उबेनं सावकाश सुटतो. दुकानात आपण भपकाऱ्यावर भाळतो, नांदायचं असतं दरवळाशी. म्हणून मी ते माझ्याच मनगटावर लावून घेतलं.

पाकिटावर ‘मलईदार’ हा शब्द तीनदा आहे आणि कृती एवढीच: पाणी ओतून द्या, वाटीभर क्रीम घाला. वास्तविक हा प्रकार ज्यांच्यामुळे जगभर गेला, त्या रोमच्या आल्फ्रेडो दी लेलिओंच्या मूळ पदार्थात क्रीम नव्हतंच. लोणी, चीज आणि पास्ता शिजलेलं पिठुळ पाणी. लोण्याला आणि चीजला एकजीव करतं ते हे पाणी. ते ओतून द्यायचं म्हणजे कट फेकून कटाची आमटी करायला बसण्यासारखं! मी आज्ञाधारकपणे फेकलं. जे तयार झालं त्यानं भिंतीवर जाहिरात चिकटली असती.

"त्यापेक्षा शिरवाळ्या बऱ्या," आई म्हणाली. तिचं माहेर मालवणकडचं. लगेच तांदळाच्या पिठाची उकड झाली, गोळे उकळत्या पाण्यात शिजले. ते गरमगरमच साच्यात दाबावे लागतात, निवले की साचा हलत नाही. हे सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. गूळ घातलेल्या नारळाच्या रसाशी मात्र ती अडली. भाची बाहेर आहेसं पाहून तिनं पातेलं माझ्या नाकाखाली धरलं. "वेलची पुरे झाली?"

"आणखी चिमूटभर."

"नि ते मनगटावरचं?"

"सकाळी लिंबाची साल सोलल्यासारखं होतं. आता चंदन."

"उगाळलेलं, की नुसतं खोड?"

मी पुन्हा हुंगलं. इतका नेमका प्रश्न मला कुठल्या संपादकानंही विचारला नाही. "नुसतं खोड."

जेवताना भाचीनं पुन्हा विचारलं. आईनं शिरवाळ्या वाढता वाढता शांतपणे सांगितलं, "आवडलं हो. आधी लिंबू आहे. मागून चंदन येतं, पण उगाळलेलं नव्हे."

"मामा, या वयात आजीचं नाक बघ!" भाची म्हणाली.

मी मान खाली घालून रस ओरपला.