न पाहिलेल्या प्रयोगाचे परीक्षक

अँथनी बर्जेस या इंग्रज कादंबरीकाराने १९६३ साली स्वतःच्याच कादंबरीचे परीक्षण लिहिले आणि ‘यॉर्कशायर पोस्ट’मधले परीक्षणाचे काम गमावले. ‘इनसाइड मिस्टर एन्डरबी’ जोसेफ केल या टोपणनावाने निघाली होती. संपादकाने ती इतर पुस्तकांबरोबर पाठवली. संपादक गंमत करत आहे, असे बर्जेसला वाटले. परीक्षणात त्याने पुस्तकाला ओंगळ म्हटले, हा आणखी एक खट्याळपणा!

या बर्जेसच्या नावाने ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिक आणि मँचेस्टरचे बर्जेस प्रतिष्ठान यांनी २०१२पासून कलापरीक्षणाची स्पर्धा सुरू केली. नव्या कलाकृतीवर ८०० शब्दांपर्यंतचे अप्रकाशित परीक्षण पाठवायचे. पहिल्याला ३,००० पौंड आणि बर्जेस स्वतः वर्षानुवर्षे ज्यात लिहीत आला त्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये जागा.

टपालाने येईल ते पुस्तक बर्जेस वाचत असे. स्पर्धकाला कोणी काही पाठवत नाही. कशावर लिहायचे हे तोच ठरवतो, म्हणून त्याचे पहिले मत निवडीतच उमटते. गाजलेले प्रदर्शन निवडले की संदर्भ आयते मिळतात, पण स्वतःचे म्हणणे त्या गर्दीत हरवण्याची भीती असते. उलट, मित्राचा प्रयोग निवडला तर बर्जेसचाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. परीक्षकाचा त्या कलाकृतीत काही वाटा नाही, हे वाचक गृहीत धरून चालतो. मराठी नाट्यवर्तुळ एवढे लहान आहे की हे गृहीतक आपल्याकडे रोजच ताणले जाते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी अडचण. पुण्याचा पुरुषोत्तम करंडकही १९६३चाच. तिथे परीक्षक प्रेक्षागृहात बसून एकांकिका डोळ्यांनी पाहतात. परीक्षणाच्या स्पर्धेतल्या परीक्षकाने मूळ प्रयोग बहुधा पाहिलेलाच नसतो. त्याच्या हातात फक्त कागद. ‘प्रकाशयोजना परिणामकारक’ या आपल्या वर्तमानपत्री वाक्याने त्याच्यापुढे काहीच उजळत नाही. कोणता दिवा कोणाच्या चेहऱ्यावर होता, तो कोणत्या शब्दानंतर मंद झाला, एवढे सांगितले तर निष्कर्ष तो स्वतः काढू शकतो, लेखकाशी वादही घालू शकतो. मत कितीही धीट असो, त्याला पुरावा वर्णनाचाच. आणि ८०० शब्दांत नवोदित पहिली कात्री लावतो ती वर्णनाला. मते मात्र सगळी जपून ठेवतो. झोडपणारी परीक्षणेही याला अपवाद नाहीत, फक्त ती वाचायला चटकदार असतात.

विद्यार्थिदशेत अशाच एका स्पर्धेला मी एका नाटकाचे परीक्षण पाठवले होते. बक्षीस मिळाले नाही, आणि परीक्षकांना काही कळत नाही अशी माझी बरीच वर्षे खात्री होती. मध्यंतरी ती कार्बन प्रत सापडली. ‘सशक्त अभिनय’ तीनदा आला आहे. नाटकाचा शेवट ‘अंतर्मुख करणारा’ असल्याचे मी लिहिले आहे. पडदा पडताना रंगमंचावर कोण उरले होते, ते कुठेच लिहिलेले नाही. आणि आता मलाही आठवत नाही.