उघडा चिरा आणि भोवतालची हिरवळ

मोरजीहून चोपड्याचा पूल ओलांडून शिवोली, म्हापसा करत जुन्या गोव्याला जायचं, ही माझी दर पावसाळ्यानंतरची फेरी. आमचं पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं १७८८ मध्ये, तोवर मिशनांचा पहिला जोर ओसरला होता. त्यामुळे त्या काळातलं मिशन-चर्च बघायचं तर नदीपलीकडेच जावं लागतं.

रस्त्याच्या एका बाजूला फ्रान्सिस्कनांचं असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च, दुसऱ्या बाजूला जेझुइटांचं बॉम जेझुस. पहिलं चुन्याने पांढरं, दुसरं उघड्या लाल चिऱ्याचं. पर्यटक फोटो काढतो तो लालचा, आणि 'केवढं जुनं!' म्हणतो. खरं तर ते लाल रूप त्या दोघांत नवं आहे. १५९४ मध्ये काम सुरू झालं, १६०५ मध्ये चर्च अर्पण झालं, ते गिलाव्यासकट. जुने फोटो पाहा, इमारत पांढरीच दिसते. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्टाझार कास्त्रो यांनी गिलावा काढवला. दगड 'खरा' दिसावा, ही त्या काळची आवड.

चिरा हवेत घट्ट होतो, मग गिलावा कशाला, असं सांगणारे भेटतात. अर्धं खरं आहे. पण चिऱ्याला भोकं असतात आणि त्यांत माती असते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळला की ती धुऊन निघते. चुन्याचा गिलावा स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. झिजला की पुन्हा लावता येतो. मोरजीत मातीच्या भिंतीला जूनआधी झापं बांधायचे, तेही याच हिशोबाने. आमच्या आज्याला हे सांगायला कुणी इंजिनिअर लागला नव्हता!

आता बाग. कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश मिशनांचीही हीच गोष्ट: अंगणं मुळात कामाधामाची, आजच्या फुलबागा बहुतेक नंतरच्या. (स्पेनशी इथला धागा म्हणजे स्वतः झेवियर, नवारचे.) जुन्या गोव्यात जिथे हिरवळ आहे तिथे रस्ते, घरं, बाजार होता. साथी आल्या, लोक उठले, १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. गवताने ते सगळं इतकं नीटनेटकं झाकलंय की ही चर्चं मोकळ्या माळावरच बांधली असावीत असं वाटतं. गाव होतं म्हणून ती एवढी मोठी झाली, हे सांगणारं तिथे काही दिसत नाही.

शिवाय हिरवळीला पाणी लागतं. पायाजवळची ओल चिऱ्यातून वर चढते, म्हणजे पावसाचं वरून आणि बागेचं खालून. भिंतीपासून चार-पाच फूट गवत काढून खडी टाकायला काय हरकत आहे? आणि मागच्या बाजूचा एक पट्टा चुन्याने गिलावा करून तीन पावसाळे बघावा. तो उघड्या भागापेक्षा वाईट निघाला तर माझं म्हणणं मी मागे घेईन.