भिंतीमागची ओल

नात्याचा पाऊस मी तुम्हाला काय सांगायचा! २०२१च्या जुलैत महाडात पाणी भरलं, तेव्हापासून इथल्या एका तरुणाच्या मनात चाकांवरचं घर होतं. त्यानं जुनी मॅटाडोर घेतली, आतून मढवली. सागवानी भासाचा सनमायका, मागं प्लायवूड. दिसायला झकास, हे मान्य. पण त्यामागं?

माणसं झोपेत श्वास सोडतात, ती वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. खिडकीच्या रबरातून पाऊस झिरपतो तो वेगळाच. आधी गळती थांबवायची, गंज खरवडून प्रायमर द्यायचा, मग स्क्रूच्या, पुन्हा काढता येतील अशा फळ्या. यानं थेट फळ्याच चिकटवल्या.

‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? एकेक भाग रथ नव्हे. सगळ्यांच्या मेळाला आपण रथ म्हणतो. यावरून कुणी म्हणेल, मग भिंत बदलली तर बिघडलं कुठं? काहीच नाही हो! बदलायला माझी हरकत नाही, झाकायला आहे. पत्रा कुजला की मेळच सुटतो, आणि आत त्याची लेकरं झोपणार आहेत.

मी त्याला एक फळी उचकटायला लावली. बोट आत घातलं, ते तांबडं होऊन बाहेर आलं.