अनुमस्तिष्काची आकृती : काय सांगते, काय लपवते

अनुमस्तिष्काची साल शिकवताना आपण तीन थरांची एकच आकृती फळ्यावर काढतो. तिला बळ दिले ते एकल्स, इटो व सेंतागोताई यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने. अनुमस्तिष्क म्हणजे चेतापेशींचे यंत्र, ही कल्पना त्याच्या नावातच आहे. पर्किंजे पेशींच्या जोडण्या या ग्रंथाने उत्तम उलगडून दाखवल्या. पण यंत्राचा प्रत्येक तुकडा सारखाच, ही समजूतही त्यातून रुजली. आमचा आक्षेप या समजुतीला आहे.

आकृतीत मधल्या, म्हणजे जवळपासच संदेश पोचवणाऱ्या, चेतापेशी तीन प्रकारच्या दिसतात. बाहेरच्या थरात वर तारकापेशी, खाली टोपलीपेशी; आतल्या दाणेदार थरात गॉल्जी पेशी. तिन्ही संदेश दाबतात. याच दाणेदार थरातली ब्रशसारखी एकच फांदी असलेली पेशी मात्र संदेश वाढवते, आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली नसते. सस्तन प्राण्यांत तिची दाटी विशेषतः नवव्या-दहाव्या खंडांत असते. तिथे अंतर्कर्णाकडून तोलाची माहिती येते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पैलवान तोल सावरतो, तेव्हा हा भाग कामाला लागलेला असतो.

शिवाय २०२१ साली उंदरांच्या पेशींतील जनुकांच्या अभ्यासातून बाहेरच्या थरातील मधल्या पेशींचे दोन प्रकार पुढे आले. ते तारका-टोपली या विभागणीशी जुळत नाहीत.

आकृती पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. ती काढल्यावर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : हा तुकडा अनुमस्तिष्काच्या कोणत्या भागातला?