वृत्तातील करुण आणि वाचकाचा विषाद

करुण रसापासून आनंद कसा निर्माण होतो, या प्रश्नाची मराठी समीक्षेत विपुल चर्चा झाली आहे. त्याला लागूनच असलेला एक प्रश्न मात्र या चर्चेच्या परिघाबाहेर राहिला. रंगभूमीवरील मृत्यू पाहून प्रेक्षक भारावून, पण एका अर्थी मोकळा होऊन घरी परततो. तसाच मृत्यू सकाळच्या वर्तमानपत्रात वाचणाऱ्याचे मन दिवसभर जड राहते. अपघात, दुष्काळ, विश्वासघात, अकाली मरण हे आशयद्रव्य दोन्हीकडे सारखेच असते. वृत्तातील घटना खरी आणि नाटकातील कल्पित, हे उत्तर चटकन सुचते; पण ते अपुरे आहे. खऱ्या दुःखावर उभे राहिलेले चरित्र, आत्मकथन किंवा पोवाडा वाचकाला असा हताश करीत नाही. तेव्हा भेद केवळ सत्य आणि कल्पित यांतला नसून निवेदनाच्या घडणीतला आहे काय, हे तपासणे समीक्षेचे काम ठरते. दुष्काळ आणि पाणीटंचाई यांच्या बातम्यांमधूनच बाहेरच्या जगाला बव्हंशी परिचित असलेल्या सोलापूरसारख्या शहराच्या संदर्भात तर हे काम अधिक निकडीचे आहे.

वाईट बातम्यांनी माणसाची मनोवस्था बदलते, हे आता केवळ अनुभवाचे विधान राहिलेले नाही. इंग्लंडमध्ये जॉन्स्टन आणि डेव्ही यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींच्या तीन गटांना प्रत्येकी चौदा मिनिटांची दूरचित्रवाणी बातमीपत्रे दाखवली गेली: एकाला आनंददायक, दुसऱ्याला तटस्थ, तिसऱ्याला दुःखद. तिसऱ्या गटाची खिन्नता आणि चिंता वाढली, हे अपेक्षितच होते. लक्षणीय गोष्ट पुढची आहे. त्या बातम्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या स्वतःच्या घरगुती काळज्याही त्या गटाला अधिक भयंकर वाटू लागल्या. बॉस्टन येथील २०१३ च्या बॉम्बस्फोटानंतर झालेल्या अमेरिकी अभ्यासात, त्या घटनेचे वृत्तांकन रोज सहा किंवा अधिक तास पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताण नोंदवला. जॉर्ज गर्बनर यांनी तर त्याआधीच असे प्रतिपादन केले होते, की दूरचित्रवाणी पुष्कळ पाहणाऱ्याला जग आहे त्याहून अधिक क्रूर भासू लागते. ही निरीक्षणे परिणाम सांगतात. तो परिणाम संहितेच्या कोणत्या घडणीतून उद्भवतो, हे सांगण्याची साधने मात्र काव्यशास्त्राजवळ आहेत.

न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो आणि त्याच वेळी स्वतःचे भानही राखतो. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयीन आनंदाचे मूळ त्यांनी पाहिले. ही उपपत्ती मांडणारा लेखक 'केसरी'चा संपादक होता, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. वृत्त आणि वाङ्मय ही दोन्ही क्षेत्रे ज्याच्या लेखणीखाली होती, त्याची उपपत्ती वाङ्मयाच्या संदर्भात रूढ झाली. वृत्ताला ती लावून पाहिली गेली नाही. ती लावली, तर असे दिसते, की बातमी तादात्म्याची मागणी करते, पण तादात्म्याला लागणारा अवकाश देत नाही. मृताचे नाव, वय आणि गाव एवढ्यावर वाचकाने हळहळायचे असते. त्या माणसाच्या भूमिकेत शिरण्यापूर्वीच शेजारच्या स्तंभातली दुसरी बातमी सुरू होते.

याहून सूक्ष्म दिशा अभिनवगुप्ताकडे मिळते. 'अभिनवभारती'त त्याने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. सुखदुःख माझे आहे किंवा अमुक परक्याचे आहे, ते याच स्थळी आणि याच काळी घडत आहे, या विशेषांना चिकटून राहणे हे त्यांतले एक. साधारणीकरण घडायचे, तर हे विशेष गळून पडावे लागतात. बातमीची पहिलीच ओळ पाहावी: 'सोलापूर, ता. १२'. स्थळ आणि काळ यांची ही मुद्रा बातमीच्या सत्यतेची हमी असते, आणि तीच रसाच्या वाटेवरचे विघ्न ठरते. पुण्यामुंबईच्या वाचकाला ती सांगते, की हे दुःख तिकडचे आहे. त्याच्या वाट्याला दया किंवा उदासीनता येते. सोलापूरच्या वाचकाला ती सांगते, की हे दुःख तुझेच आहे. त्याच्या वाट्याला भीती येते. स्थायीभाव चाळवला जातो, पण रसात परिणत होत नाही. तो कच्चाच राहतो आणि दिवसभर वाचकाबरोबर वावरतो. नकारात्मक बातम्यांनी येणारा विषाद म्हणतात तो हाच अपरिणत भाव होय.

दुसरे विघ्न काळाच्या मोजमापाचे आहे. गाल्टुंग आणि रूगे या नॉर्वेतील अभ्यासकांनी १९६५ साली बातमीच्या निवडीची मीमांसा करताना नकारात्मकतेचे एक साधे कारण दिले. वाईट गोष्ट थोड्या वेळात घडते, म्हणून ती दैनिकाच्या चोवीस तासांच्या चौकटीत बसते. चांगली गोष्ट घडायला वेळ लागतो, म्हणून ती त्या चौकटीबाहेर राहते. पानशेतचे धरण बांधण्यास वर्षे लागली. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, तेव्हा एक सकाळ पुरली. शोकात्मिकेला आदी, मध्य आणि अंत असतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. बातमीला बहुधा मध्यच असतो. कारण मागे राहते आणि परिणाम पुढच्या, कधी न छापल्या जाणाऱ्या अंकात जातो. अंत नसलेल्या करुणातून भावांचे विरेचन घडणे कठीण, कारण विरेचन हे पूर्ण झालेल्या कृतीचे फळ असते.

या विवेचनाची कसोटी उजनीच्या बातमीवर घेता येते. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्याचा ऊस, उद्योग आणि नळ त्याच्यावर विसंबू लागले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट आहे. त्यातील ६३ टीएमसींहून अधिक भाग 'मृतसाठा' आणि सुमारे ५३ टीएमसी 'उपयुक्त साठा' मानला जातो. टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्याची मोजतात. त्यामुळे पाणी त्या रेषेखाली गेले, की आकडा शून्याखाली उतरतो आणि 'उजनी वजा' असा मथळा येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेला. धरण वजा ५० टक्के असते, तेव्हा नोंदीनुसार त्यात ३६ टीएमसींहून अधिक पाणी असते. गाळाचा भाग त्यातून वगळावा लागतो, हे खरे. तरीही पुण्याची तहान भागवणाऱ्या खडकवासला प्रकल्पातील चारही धरणांची मिळून उपयुक्त क्षमता २९ टीएमसींच्या घरात आहे, हे लक्षात घेता हे पाणी थोडे नव्हे.

मथळा खोटा आहे, असा याचा अर्थ नाही. कालव्यावर शेती असणाऱ्याला ते वजा चिन्ह अक्षरशः खरे असते, कारण त्याचे आवर्तन थांबते. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी मात्र मृतसाठ्यातूनही पाणी घेतले जाते. त्या वाचकाच्या दृष्टीने त्याच चिन्हाचा अर्थ निराळा असतो. मथळा हा भेद करीत नाही. 'मृत' आणि 'वजा' हे अभियांत्रिकीचे दोन पारिभाषिक शब्द मथळ्यात येताच लाक्षणिक होतात, आणि संपूर्ण प्रदेशावर मरणाची व उणेपणाची छाया पडते. उजनी मुख्यतः पुणे जिल्ह्यातील पावसाने भरते, सोलापूरच्या आकाशाकडे पाहून तिचे भवितव्य ठरत नाही, हा कार्यकारणभावही बातमीत क्वचितच येतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धरण भरले आणि भीमेत पाणी सोडावे लागले, तेव्हा बातमीचा विषय लगेच पूर हा झाला. उन्हाळ्यातील भीतीचा शेवट कसा झाला, हे वाचकाला कोणी सांगितले नाही. एका भीतीच्या जागी दुसरी आली. शहराला कित्येक वर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळत राहिले, त्याची कारणे साठ्याइतकीच जलवाहिनी, वितरण आणि नियोजन यांत होती. 'वजा'च्या मथळ्याने ती निसर्गाच्या खात्यावर ढकलली. ज्या दुःखाला कर्ता नाही, त्यावर उपायही नाही, अशी मनोधारणा अशा रचनेतून घडते. निराशेला वाव मिळतो तो येथे.

मग वाईट बातमी नेहमी हताशच करते काय? याच शहराचा इतिहास नकारार्थी उत्तर देतो. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, न्यायालयाला आग लागली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांपैकी कुर्बान हुसेन हे 'गझनफर' हे पत्र चालवणारे, म्हणजे स्वतःच वृत्तव्यवसायातले होते. सोलापूरच्या वाचकाला याहून वाईट बातमी कोणती असू शकते? तरीही या बातमीतून शहराने पराभवाची स्मृती जपली नाही. तिच्यातून 'चार हुतात्मे' ही संज्ञा घडली, चौकाला नाव मिळाले, आणि तो दिवस आजही पाळला जातो.

या दोन उदाहरणांतील फरक दुःखाच्या प्रमाणाचा नाही. प्रमाणच पाहिले, तर फाशीची बातमी कितीतरी अधिक दारुण होती. फरक वाचकाला दिलेल्या स्थानाचा आहे. हुतात्म्यांच्या वृत्तात कर्ता होता, प्रतिपक्ष होता, मागची कारणे होती, आणि ते वाचणाऱ्याला पुढे करण्याजोगे काही होते. त्या कथेत तो पात्र होता. 'वजा'च्या बातमीत तो केवळ बघ्या आहे, आणि बघ्याला आस्वादकाचे स्वातंत्र्यही नाही, कार्यकर्त्याचे सामर्थ्यही नाही. अर्थात हे स्थान १९३० साली एकट्या वृत्तपत्रांनी निर्माण केले नव्हते. ते चळवळीने निर्माण केले होते. निवेदन त्या स्थानाचा निर्देश करू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. ही मर्यादा मान्य केली नाही, तर बातमीच्या भाषेवर नको तेवढा भार पडेल.

या विवेचनातून काढला जाण्याची शक्यता असलेला एक निष्कर्ष मात्र घातक आहे. वाईट बातम्यांनी मन खचते, तर चांगल्या बातम्या द्याव्यात, असे म्हटले जाते. काही पत्रे तशी सदरेही चालवतात. बेचव तपशिलाची ही गोड पूड विषाद कमी करीत नाही, कारण तीही वाचकाला बघ्याच ठेवते. शिवाय जनतेने वाईट वृत्त वाचू नये, ही सत्तेची जुनी इच्छा आहे. लष्करी कायद्याच्या त्याच काळात 'कर्मयोगी' या सोलापूरच्या पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना शिक्षा झाली, हे विसरून चालणार नाही. मनःस्वास्थ्याच्या नावाखाली तक्रार दाबली गेली, तर उरेल ती शांतता भयाची असेल.

निवेदनाची घडण बदलल्याने परिणाम बदलतो, याला एका वेगळ्या क्षेत्रातूनही दुजोरा मिळतो. गटेच्या १७७४ मधील कादंबरीच्या नायकावरून डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली 'वेर्टर परिणाम' ही संज्ञा रूढ केली: आत्महत्येच्या ठळक, तपशीलवार बातम्यांमागून आत्महत्यांचे प्रमाण वाढते. पुढे २०१० साली ऑस्ट्रियातील अभ्यासकांना याची दुसरी बाजू आढळली. त्या टोकापर्यंत जाऊन परतलेल्या, संकटातून वाट काढलेल्या माणसांच्या वृत्तान्तांनंतर हे प्रमाण घटल्याचे दिसले. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधील पापागेनो या पात्रावरून त्यांनी या परिणामाला नाव दिले. विषय दोन्हीकडे तोच, तितकाच काळा. एका निवेदनात वाट बंद होते, दुसऱ्यात ती दिसते. दोन्ही संज्ञांची नावे कलाकृतींतून यावीत, याचा अर्थ मानसशास्त्रज्ञांनाही शेवटी कथेच्या घडणीचाच आधार घ्यावा लागला.

समीक्षेने वृत्ताला आपल्या कक्षेबाहेर ठेवले, ते बहुधा त्याचे आयुष्य एका दिवसाचे म्हणून. पण सामान्य मराठी वाचक रोज जे करुण आणि भयानक वाचतो, ते कादंबरीत नव्हे, वर्तमानपत्रात आणि आता हातातल्या पडद्यावर, आणि त्याची जगाविषयीची धारणा तेथेच घडते. म्हणून बातमीच्या मूल्यमापनात सत्यतेच्या कसोटीबरोबर आणखी एक कसोटी असावयास हवी: या निवेदनाने वाचकाला कोठे उभे केले? उजनी वजा झाली, हे छापलेच पाहिजे. त्याच्या पुढच्या वाक्यात किती पाणी उरले, ते कोणासाठी, वाटप कोणी ठरवले आणि त्याचा जाब कोठे विचारावा, हे आले, तर बातमी तितकीच वाईट राहील. वाचक मात्र बघ्या राहणार नाही.